दोन सप्तद्वीपें

खानदेशांत बसून समुद्रावर लिहावें, हें पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. शिंदखेड्याच्या शिवारांत उभे राहिलें तर चोहोंकडे दिसते ती काळी जमीन आणि तीवरील कपाशी. मोठें पाणी पाहावयाचें तर तापीचें, किंवा पांझरा जेथें तापीस मिळते त्या मुडावदच्या संगमाचें. परंतु ह्याच काळ्या जमिनीनें एके काळीं मुंबईचा समुद्र बुजविण्यास पैसा पुरविला आहे. आणि योगायोग असा कीं, तो उद्योग ऐन भरांत होता त्याच वर्षीं, म्हणजे इ. स. १८६४ मध्यें, ग्रीस देशाच्या पश्चिमेकडील सात बेटांच्या दैवाचाहि निकाल लागला. मुंबईचीं सात बेटें आणि ग्रीसचीं सात बेटें ह्यांचा इतिहास शेजारीं शेजारीं ठेवून पाहावा, एवढाच आमचा हेतु आहे.

दोहोंमधील पहिला दुवा नांवाचा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें होऊन गेलेल्या टॉलेमी ह्या भूगोलवेत्त्यानें हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या बेटांची यादी दिली आहे, तींत ‘हेप्टानेसिया’ म्हणजे ‘सात बेटें’ असें एक नांव येतें. तें मुंबईचेंच, असें अनेक ग्रंथकार निःशंकपणें लिहून जातात. मॅक्रिंडलसारखा साक्षेपी भाषांतरकार मात्र तें वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रांतील खडकांकडे नेतो. ओसाड खडकांपेक्षां नांदत्या बेटांस परक्या खलाशांनीं नांव द्यावें हें आम्हांस अधिक स्वाभाविक वाटतें. तथापि ज्या टॉलेमीनें आपल्या नकाशांत दक्षिण हिंदुस्थानचें टोंक जवळजवळ पुसूनच टाकलें, त्याच्या आधारानें पैज मारण्यांत अर्थ नाहीं.

हेंच नांव ग्रीकांनीं आपल्या घरच्या एका द्वीपसमूहासहि दिलें आहे. कॉर्फू, पॅक्सॉस, लेफ्कास, इथाका, केफालोनिया, झान्ते व किथिरा हीं तीं सात बेटें. त्यांस आयोनियन बेटें असेंहि म्हणतात. इथाका म्हणजे होमरच्या महाकाव्यांतील ओडिसियसचें घर. किथिरा मात्र इतर सहांपासून फटकून दूर दक्षिणेस आहे. राज्यकर्त्यांनीं एका दावणीस बांधली म्हणूनच ती ह्या गणनेंत आली. येथें एक घोटाळा आधींच निस्तरला पाहिजे. आमचा ‘यवन’ शब्द आयोनिया ह्या नांवापासून आला हें खरें. कार्ल्याच्या, जुन्नरच्या आणि नाशिकच्या लेण्यांतून दानें देणारे यवन वा योनक लेखांत आढळतात ते ह्याच शब्दाचे धनी. परंतु ती आयोनिया आशियामायनरच्या किनाऱ्यावरची. ह्या बेटांचें आयोनियन हें नांव ग्रीक लिपींत निराळ्या ‘ओ’नें लिहितात आणि त्याचें मूळहि निराळें आहे.

दोन्ही द्वीपसमूहांस परक्यांचें राज्य फार लवकर पाहावें लागलें. मुंबईचीं बेटें गुजराथच्या बहादुरशहानें इ. स. १५३४ त पोर्तुगीजांस दिलीं. पोर्तुगालच्या राजानें तीं १६६१ च्या विवाह-तहांत इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लसला आंदण म्हणून देऊं केलीं. आणि चार्लसनें १६६८ त तीं वर्षाला दहा पौंड खंडावर कंपनीच्या हवालीं केलीं. कॉर्फू १३८६ पासून १७९७ पर्यंत व्हेनिसच्या ताब्यांत होतें. नेपोलियननें व्हेनिसचें राज्य बुडविल्यावर तेथें फ्रेंच आले, मग रशिया व तुर्कस्तान ह्यांच्या छायेखालीं १८०० सालीं ‘सात बेटांचें प्रजासत्ताक’ झालें, पुनः फ्रेंच आले, आणि अखेर १८१५ च्या पॅरिसच्या तहानें सातहि बेटें इंग्रजांच्या संरक्षणाखालीं गेलीं. अठरा वर्षांत इतके धनी बदलले! तीनच वर्षांनीं, १८१८ त, पेशवाई बुडून आमचा खानदेश त्याच इंग्रजांकडे आला व धुळ्यास कॅप्टन ब्रिग्ज कारभार पाहूं लागला.

व्हेनिसच्या राज्यानें बेटांचें एक मोठें हित झालें. लेफ्कासखेरीज इतर बेटांवर तुर्कांची सत्ता टिकाऊ झाली नाहीं. १७१६ त तुर्कांनीं कॉर्फूस वेढा घातला आणि तो उठवून ते निघून गेले. लोकांची श्रद्धा अशी कीं, हा प्रताप त्यांच्या संत स्पिरिडॉनचा. ह्या संताचा देह कॉर्फूच्या देवळांत जतन केलेला आहे आणि वर्षांतून चार वेळां त्याची मिरवणूक निघते. दोन मिरवणुका सांथी टळल्याबद्दल, एक दुष्काळ हटल्याबद्दल आणि एक ह्या वेढ्याबद्दल. आपल्याकडे पालखी निघते तेव्हां गांवाचें जें रूप असतें तेंच तेथें दिसतें. फरक इतकाच कीं पुढें वाजंत्री वाजतात त्या पितळी, व्हेनिसच्या आणि इटलीच्या वळणाच्या. व्हेनिसच्या सरकारनें बक्षिसें देऊन लावविलेल्या ऑलिव्हच्या बागा आजहि कॉर्फूभर पसरल्या आहेत. झान्ते व केफालोनिया येथील बेदाणा इंग्रजांच्या पुडिंगांत जाऊं लागला तो त्या बेटांस इंग्रज येण्याच्या पुष्कळ आधीं.

परंतु व्हेनिसनें आपली भाषाहि लादली. दरबार, न्याय आणि प्रतिष्ठा इटालियनमध्यें. ग्रीक ती शेतकऱ्यांची आणि नोकरचाकरांची. ह्या दुभंगाचा परिणाम एकाच मनुष्याच्या ठायीं पाहावयाचा तर डायोनिसिओस सोलोमॉस ह्या कवीकडे पाहावें. तो १७९८ त झान्ते येथें जन्मला. बाप सरदार, आई त्याच्याच घरची मोलकरीण. म्हणजे बापाची भाषा इटालियन आणि आईची ग्रीक. दहा वर्षें इटलींत शिकून तो परत आला तो इटालियन कविता लिहीतच. पुढें त्यानें आईची भाषा जवळजवळ नव्यानें शिकून घेतली, आणि १८२३ त, ग्रीसचें स्वातंत्र्ययुद्ध पेटलें असतां, त्याच रोजच्या बोलींत स्वातंत्र्याचें दीर्घ स्तोत्र लिहिलें. कॉर्फूच्या मान्त्झारोस ह्या संगीतकारानें त्यास चाल दिली. १८६५ पासून त्याचीं पहिलीं दोन कडवीं ग्रीसचें राष्ट्रगीत आहेत. ग्रीसला राष्ट्रगीत मिळालें तें जो भाग त्या वेळीं ग्रीसच्या राज्यांत नव्हता तेथून, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. परभाषेंत शिकून मग घरच्या भाषेकडे वळणें किती अवघड, हें महाराष्ट्रांतील इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढ्यांनींहि अनुभविलें आहे.

इंग्रजांनीं बेटांवर रस्ते केले, पाणी आणलें, कॉर्फूस १८२४ त विद्यापीठ निघालें, आणि क्रिकेटचा खेळ तेथें रुजला तो अजून चालतो. अधिकारी तर आमच्या ओळखीचेच. केफालोनियाचा रेसिडेंट चार्लस नेपियर पुढें पुण्यास सेनापति होऊन आला आणि १८४३ त त्यानें सिंध घेतला. बेटांचा हायकमिशनर फ्रेडरिक ॲडम १८३२ त मद्रासचा गव्हर्नर झाला. नांव संरक्षणाचें, तऱ्हा राज्याची. १८४९ त केफालोनियाच्या शेतकऱ्यांनीं बंड केलें तेव्हां फांसावर चढविणें व फटके मारणें ह्यांत हयगय झाली नाहीं. १८५८ च्या अखेरीस ग्लॅडस्टन सुधारणांची पेटी घेऊन आला. त्याचें ग्रीक भाषेचें ज्ञान अगाध. बेटांच्या प्रतिनिधिसभेनें त्याला ऐकवलें कीं आम्हांस सुधारणा नकोत, ग्रीसशीं ऐक्य पाहिजे. १८६३ त त्या सभेनें ऐक्याचा ठराव केला आणि २ जून १८६४ रोजीं इंग्रज बेटांवरून निघून गेले. जातांना कॉर्फूच्या तटबंदीचा कांहीं भाग त्यांनीं सुरुंगांनीं उडविला.

त्याच १८६४ त मुंबईंत काय चाललें होतें? अमेरिकेंत यादवी पेटलेली, तेथील कापूस अडलेला, लिव्हरपूलचे डोळे खानदेश, वऱ्हाड आणि गुजराथेकडे लागलेले. आमच्या शेतकऱ्याच्या कपाशीला पूर्वीं कधीं न ऐकलेला भाव आला. त्या पैशाचा मोठा भाग मुंबईच्या पेढ्यांत सांचला, आणि तेथें त्याला सुचलें काय, तर समुद्र बुजवून जमीन करणें. बॅकबेच्या कंपनीचे भाग मूळ किंमतीच्या कित्येक पटींनीं विकले जाऊं लागले. १८६५ त अमेरिकेंतील लढाई संपली, भाव कोसळले, आणि १ जुलैच्या हिशेबाच्या दिवशीं कोट्यधीश म्हणविणारे दिवाळखोर ठरले. खानदेशांतील ज्यांनीं चढ्या भावाच्या भरंवशावर कर्जें काढलीं त्यांचें काय झालें, ह्याची आठवण मुंबईच्या इतिहासांतून सहसा निघत नाहीं.

समुद्र बुजविण्याचा प्रघात मात्र ह्याहून जुना. वरळी आणि मुंबई ह्यांमधील खिंडार अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबीच्या बांधानें बंद झालें. कुलाब्याचा रस्ता १८३८ त आणि माहीमचा १८४५ त पुरा झाला. गोविंद नारायण माडगांवकरांनीं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ त छापलें तेव्हां सात बेटें ही पूर्वजांकडून ऐकण्याची गोष्ट होऊन बसली होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी, माहीम हीं नांवें उरलीं. पण तीं आतां बेटांचीं नसून मोहल्ल्यांचीं आहेत. हा जोड घालण्यापूर्वीं तेथील मूळच्या कोळ्यांचा सल्ला कोणीं घेतल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. ग्रीक बेटांस निदान सभा होती, आणि त्या सभेंत बोलावयास सोलोमॉसनें उभी केलेली भाषा होती. म्हणून समुद्रानें विभागलेलीं तीं सात एक होऊं शकलीं, असें आमचें मत आहे. मुंबईचीं सात भरावानें जोडलीं; पण भरावावर जो समाज वसला तो बाजारानें आणलेला, आणि बेटांचे मूळ धनी त्याच्या एका कोपऱ्यांत राहिले.

झान्तेचें जुनें शहर १९५३ च्या ऑगस्टमधील भूकंपांत जमीनदोस्त झालें, केफालोनियाचीहि तीच गत झाली. कॉर्फूचें जुनें नगर वांचलें. तेथें दर वर्षीं २१ मे रोजीं, म्हणजे जुन्या पंचांगाप्रमाणें इंग्रज गेले त्या दिवशीं, ऐक्याचा सण होतो. मुंबईंत वरळीच्या कोळीवाड्यांतून नारळी पौर्णिमेस कोळी वाजत गाजत निघतात आणि जो समुद्र अजून बुजविलेला नाहीं त्यांत नारळ सोडतात.