एका बाउलमध्ये दोन गोष्टी: भूक आणि उरलेला मासा

आजचा भाग जरा खादाडीचा आहे. समोर बाउल आहे. गरम सूप, नूडल्स, कोबी, गाजर, कांद्याची पात आणि वर सॅल्मनचा तुकडा. बघणारा म्हणेल, वा, जपानची शेकडो वर्षांची परंपरा! थांबा जरा. पाकिटातल्या नूडल्स आणि पिंजऱ्यात वाढवलेला सॅल्मन, दोन्ही आपल्या आजीपेक्षा वयानं लहान आहेत.

आधी नूडल्स. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये खायला नव्हतं. ओसाकाच्या काळ्या बाजारात एका रामेनच्या गाडीपुढे थंडीत लांबच लांब रांग लागलेली मोमोफुकु आंदोंनी पाहिली. ती रांग त्यांच्या डोक्यातून गेलीच नाही. पुढे 1957 साली त्यांची पतसंस्था बुडाली. वय 47, हातात काही नाही. मग घरामागच्या शेडमध्ये प्रयोग सुरू झाले. शिजवलेल्या नूडल्स तेलात तळल्या की पाणी उडून जातं, बारीक भोकं पडतात आणि गरम पाणी ओतलं की त्या पुन्हा मऊ होतात. 25 ऑगस्ट 1958 ला ‘चिकन रामेन’ बाजारात आलं.

आता मासा. जपानी लोक सॅल्मन पूर्वीपासून खायचे, पण खारवून, भाजून. जंगली सॅल्मनमध्ये जंत असतात, त्यामुळे कच्चा खायची पद्धत नव्हती. तिकडे नॉर्वेत 1970 साली हित्रा बेटावर समुद्रातल्या पिंजऱ्यांत सॅल्मन वाढवायला सुरुवात झाली. धंदा इतका फोफावला की मासा जास्त, गिऱ्हाईक कमी! म्हणून 1985 मध्ये ‘प्रोजेक्ट जपान’ आलं. आमचा मासा तयार खाद्यावर वाढतो, कच्चा खाल्ला तरी चालतो, हे पटवायला त्यांना दहाएक वर्षं लागली. आज सॅल्मन सुशी जगभर ‘जपानी’ म्हणून विकली जाते.

घरी बाउल करताना मात्र मासा शिजवाच. होक्काइदो बेटावर इशिकारी नाबे नावाचा जुना प्रकार आहे: सॅल्मन, कोबी, कांदा, बटाटा आणि मिसो. तीच युक्ती वापरा. माशाला मीठ लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा. नूडल्स वेगळ्या उकडा. भाज्या सुपात शिजल्या की गॅस बारीक करून शेवटी मिसो विरघळवा, उकळला की त्याचा वास उडतो. सॅल्मन परवडत नाही? रावस घ्या. त्याला बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात. नात्यानं तो सॅल्मन नाहीच, पण चवीला झकास.

आणि कुणी म्हणालं, “हे काय ऑथेंटिक नाही,” तर हसा. यातली एक गोष्ट भुकेच्या रांगेतून आली, दुसरी न खपलेल्या मालातून. परंपरा म्हणतात ती अनेकदा अशीच, कुणाच्या तरी अडचणीतून सुरू होते.

तुमच्या घरातल्या कुठल्या पदार्थामागे अशी अडचण आहे? आजीला विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!