फादर स्टीफन्स यांची ओवी

महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आम्हां कुंडलकरांस एका दूरदेशीच्या मिशनऱ्याचे स्मरण होते. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले व सुमारे चाळीस वर्षे, बहुतांशी साष्टी प्रांतात, सेवा करीत राहिले. शिकवावयास आलेल्या या गुरूस प्रथम शिष्य व्हावे लागले. लोकांची बोली त्यांनी आत्मसात केली व तिचे व्याकरणही रचिले.

नवख्रिस्ती लोकांची पूर्वीची पुराणे बंद करण्यात आली होती. त्यांच्या ठिकाणी दुसरे पुराण द्यावे, असे मागणे एका ब्राह्मणाने केल्याची हकीकत ग्रंथारंभीच आहे. ते मागणे फादरांनी मनावर घेतले. १६१६ साली छापलेल्या त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त सुमारे ११,००० मराठी ओव्या आहेत. हीच ओवी आमच्या आयाबायांनी जात्यावर गायिली. म्हणून ती आम्हांस परकी वाटत नाही.

जे हिरावले गेले त्याची भरपाई ग्रंथाने झाली, असे आम्ही म्हणत नाही. परंतु मागणारे होते म्हणून पुराण झाले. मराठीत प्रार्थना करिताना फादरांबरोबर त्या मागणाऱ्यांचेही ऋण आम्ही स्मरावे.