प्रकाशीय वलनावरून प्रतिबिंबी रेणूंचे प्रमाण

नॅप्रोक्सेन हे संधिवाताच्या दुखण्यावर दिले जाणारे औषध. त्याच्या रेणूची दोन रूपे असतात, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. डावा हातमोजा उजव्या हातात बसत नाही, तशी ती एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. औषध म्हणून हवे असते ते ‘एस’ रूप. पण दोन्ही शुद्ध रूपांचा वितळणबिंदू, घनता, विद्राव्यता सारखीच. मग मिश्रणात कोणते किती, हे ओळखायचे कसे?

फरक दिसतो तो ध्रुवित प्रकाशात, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशात. एक रूप हे प्रतल जितके उजवीकडे वळवते, तितकेच दुसरे डावीकडे. दोन्ही समप्रमाणात असली की वलन शून्य. हा कोन पोलॅरिमीटरने मोजतात. प्रकाश बहुधा सोडियम दिव्याचा, ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा.

शुद्ध एस-नॅप्रोक्सेनचे क्लोरोफॉर्ममधील विशिष्ट वलन सुमारे +६६ अंश आहे. १०० मिलिलिटर द्रावणात १ ग्रॅम शुद्ध पदार्थ घेऊन २० सेंटिमीटरच्या नळीत ठेवला, तर कोन +१.३२ अंश यायला हवा. समजा, आपल्या नमुन्याचा आला +१.१९. भागाकार केला की जवळपास ९० टक्के.

इथेच विद्यार्थी हमखास फसतात. हे ९० टक्के म्हणजे एस रूपाचे प्रमाण नव्हे, तर त्याचे आधिक्य. शंभर रेणूंपैकी ५ ‘आर’ असतील, तर ते ५ ‘एस’ रेणूंचे वलन खोडून काढतात आणि उरलेल्या ९० रेणूंचेच वलन दिसते. म्हणजे मिश्रणात एस ९५ टक्के, आर ५ टक्के. दहा टक्के आर धरणारा दुप्पट चुकला!

अर्थात कोन अचूक वाचलेला हवा. वरच्या मापनात ०.०१ अंशाची चूकही आधिक्य पाऊण टक्क्याने हलवते. द्रावक, तीव्रता आणि तापमान संदर्भमूल्याशी जुळणारे हवे. शिवाय नमुन्यात दहा टक्के ओलावा किंवा उरलेला द्रावक असला, तरी कोन तेवढाच घटतो. पोलॅरिमीटरला ते वेगळे कळत नाही. आणि वलन आधिक्याच्या सरळ प्रमाणात असतेच असेही नाही. एका सक्सिनिक आम्ल-साधिताच्या बाबतीत आलँ ओरो यांनी १९६९ मध्ये ते दाखवून दिले.

म्हणून झटपट तपासणीला पोलॅरिमीटर वापरला, तरी औषधातील आर रूपाचा शेवटचा हिशेब बहुतेकदा कायरल स्तंभावर होतो. तिथे दोन्ही रूपे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि प्रत्येकाचे प्रमाण स्वतंत्रपणे मोजता येते.