विजेच्या उजेडात पाताळ

पायाळू माणसावर वीज पडते आणि भुईत पुरलेले धन पायाळूलाच दिसते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. दोन्ही गोष्टींत तथ्य नाही. वीज उंच झाड पाहते, उघडा माळ पाहते. माणूस कसा जन्मला हे ती विचारीत नाही. मात्र वीज आणि भुईचे पोट यांचे नाते विसाव्या शतकात शास्त्राने वेगळ्या वाटेने जुळविले.

१९१२ साली फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे याने जमिनीत वीज सोडून ती कशी पसरते याचा नकाशा काढला. ओल्या थरातून वीज सहज जाते, कोरड्या अखंड खडकातून मोठ्या कष्टाने. त्यामुळे न खणता खडकाचा अंदाज बांधता येऊ लागला. पण फार खोलचे पाहायचे, तर तारांचा पसारा कोसच्या कोस वाढे.

पुढे १९५० साली सोव्हिएत संघातील तिखोनोव्ह यांनी आणि १९५३ साली फ्रान्समधील कान्यार यांनी नवी वाट दाखविली. आपण वीज सोडायची गरजच काय? पृथ्वीवर दर सेकंदाला ४० च्या वर विजा चमकतात. आफ्रिकेत कडाडलेल्या विजेची लहर जगभर धावते आणि थोडी जमिनीत मुरते. जलद लहर वरच्यावर विरते, संथ लहर खोल उतरते. अतिसंथ लहरी सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताने उठतात. या लहरींची विद्युत् आणि चुंबकीय कंपने एकाच वेळी मोजली, की कोणत्या खोलीवर कसा खडक आहे, याचे गणित मांडता येते.

या विद्येची गरज आपल्याला किल्लारीने पटविली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. काळ्या पाषाणाच्या झाकणाखाली काय आहे? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे अशी मोजणी केली. जमिनीला खोल छिद्र पाडले, तेव्हा ३३८ मीटरवर काळा पाषाण संपला. मोजणीत त्याहून कितीतरी खाली, काही किलोमीटरांवर, वीज सहज वाहू देणारा थर आढळला. तेथील भेगांत पाणी असावे, असा तर्क त्यांनी मांडला.

यावरून पुढचा भूकंप कधी होईल, हे सांगता येत नाही. पण आपले घर कशावर उभे आहे, हे थोडेफार कळते. शहाणपणाने घर बांधायला सुरुवात तेथूनच करावी लागते.