साचा आणि नळी : जयगडच्या तोफेपासून ९ एमएम पिस्तुलापर्यंत

आज आपण एका छोट्या वस्तूबद्दल बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे गोळी ओतायचा साचा. लढायांच्या इतिहासात राजे येतात, सेनापती येतात, तोफांची नावं येतात. साच्याचं नाव कुठेच येत नाही. पण माझ्या मते बऱ्याच लढायांचा निकाल साच्यापाशी अर्धा लागलेला असतो. हे मला पटलं ते जयपूरला.

राजस्थानात नेमणूक असताना एका रविवारी मी जयगडावर गेलो होतो. तिथली जयवाण तोफ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सवाई जयसिंहांच्या काळात, १७२० साली ती गडावरच ओतली गेली. म्हणजे जयपूर शहर वसायच्या सात वर्षं आधी, राजधानी आमेरला असताना. वजन ५० टन, लांबी २० फूट, नळीचा व्यास ११ इंच म्हणजे २८ सेंटीमीटर. १०० किलो दारू, ५० किलोचा गोळा आणि ३५ किलोमीटरचा पल्ला, असं तिथे सांगतात. चाचणीसाठी ती एकदाच उडवली. लढाईत कधीच नाही.

मी पायदळातला माणूस, तोफखान्यातला नाही. पण हिशेब करायची खोड आहे. गेस्टरूमवर परत आल्यावर कागद घेऊन बसलो.

५० किलोचा भरीव लोखंडी गोळा साधारण २४ सेंटीमीटर व्यासाचा होतो. नळी २८ सेंटीमीटरची. म्हणजे ४ सेंटीमीटरची फट! दारूचा बराचसा जोर त्या फटीतून वाया जाणार आणि गोळा नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडणार. नळीला नीट बसेल असा भरीव लोखंडी गोळा केला, तर तो ७० किलोच्या वर जातो. दगडाचा केला, तर ३० किलोच्या आतच राहतो. ५० किलो बसायचे तर गोळा पोकळ हवा, नाहीतर सांगितलेला एखादा आकडा चुकीचा हवा. आणि ३५ किलोमीटर? आपल्या बोफोर्सचा साध्या गोळ्याचा पल्ला सुमारे २४ किलोमीटर आहे. गुळगुळीत नळीतून सुटलेला गोल गोळा तिच्या पुढे जाणं शक्य नाही.

यात जयवाण ओतणाऱ्या कारागिरांचा अपमान नाही. जयगडाचा तोफा ओतायचा कारखाना आवर्जून बघा. तिथली भट्टी आहे, आणि बैलजोड्यांच्या बळावर नळी कोरायचं यंत्र आहे. जयसिंहांना अचूकपणाची किंमतही पक्की ठाऊक होती. पितळी यंत्रांचे आस झिजतात आणि वेध चुकतात म्हणून त्यांनी जंतरमंतर दगडचुन्यात बांधलं. पण एक प्रचंड तोफ ओतणं वेगळं, आणि हजार नळ्यांना चालेल अशी एकच गोळी ओतणं वेगळं. पहिल्या कामाला उस्ताद लागतो. दुसऱ्याला व्यवस्था लागते.

आता बंदुकीकडे येऊ. तोड्याची बंदूक हातबनावटीची. एकाच लोहाराने केलेल्या दोन नळ्यासुद्धा तंतोतंत सारख्या नसत. म्हणून बंदुकीबरोबर तिचा स्वतःचा साचा असे. अडकित्त्यासारखा उघडणारा, दोन पाळ्यांचा. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे मुक्कामावरच्या चुलीवरही काम भागतं. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, थंड झालं की पाळ्या उघडून गोळी काढायची आणि वरचं शेपूट कापायचं. शिपाई आपल्या गोळ्या आपणच पाडत असे.

‘बारा बोर’ हा शब्द आपण सगळेच वापरतो. तो याच जमान्यातला आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसते ती बारा बोरची नळी. व्यास साडेअठरा मिलिमीटर. नळीचं माप मोजपट्टीने नव्हे, गोळीच्या वजनाने ठरत होतं!

या पद्धतीची अडचण लढाईत कळते. शेजारचा शिपाई पडला, तर त्याच्या गोळ्या माझ्या बंदुकीत जातीलच असं नाही. गोळी मोठी असेल तर अडकते. लहान असेल तर दारूचा जोर बाजूने निसटतो आणि निशाण भरकटतं.

इथे आपल्या मराठ्यांचा संबंध येतो. जुलै १७८७ मध्ये जयपूरच्या आग्नेयेला, लालसोटजवळ तुंगा इथे महादजी शिंद्यांची जयपूर-जोधपूरच्या फौजेशी गाठ पडली. महादजींना सोडून जयपूरकरांना मिळालेला मुहम्मद बेग हमदानी तोफेच्या गोळ्याने ठार झाला. तरीही महादजींना माघार घ्यावी लागली, कारण पगार थकल्यामुळे त्यांच्याकडच्या हिंदुस्थानी पलटणी शत्रूला जाऊन मिळाल्या. नामुष्की मोठी होती.

महादजींनी त्यातून धडा घेतला. डी बॉयनच्या हाताखाली कवायती कंपू वाढवला, आणि त्याच्या पगाराची नियमित सोय लावली. आग्र्याला तोफा आणि बंदुकांचा कारखाना उभा राहिला. सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तो चालवत होता. असा कारखाना नमुन्याबरहुकूम माल काढतो. बंदुकीची नळी एका मापाची झाली की पलटणीभर एकच गोळी चालते. कागदात दारू आणि गोळी बांधून काडतूस आधीच तयार ठेवता येतं. कवायतीची झटपट बाड त्याशिवाय जमत नाही.

२० जून १७९० रोजी जयपूरच्या उत्तरेला, तोरावाटीतल्या पाटणला पुन्हा सामना झाला. समोर हमदानीचा पुतण्या इस्माईल बेग आणि त्याच्या जोडीला राजपूत फौज. या वेळी शिंद्यांच्या फौजेने निर्णायक विजय मिळवला. शंभराच्या वर तोफा हाती लागल्या. हा विजय फक्त कारखान्याचा नव्हता; शिस्त होती, वेळेवर पगार होता. पण तुंगा ते पाटण या तीन वर्षांत बदललं काय, असं कुणी विचारलं, तर मी एका शब्दात सांगेन : व्यवस्था.

पुढची शंभर वर्षं फट कमी करण्यात गेली. इंग्रजांच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी १९ मिलिमीटर, गोळी साडेसतरा. दीड मिलिमीटर फट मुद्दामच ठेवलेली, म्हणजे नळीत काजळी साचली तरी गोळी आत जाते. मग आटे पाडलेल्या नळीची एनफिल्ड रायफल आली. तिच्यात गोळी घट्ट बसायला हवी, म्हणून काडतुसाला वंगण लावलं. त्या वंगणातल्या चरबीच्या संशयातून १८५७ साली काय घडलं, ते सांगायला नकोच.

आणि शेवटी आपोआप भरणारं पिस्तूल. जॉर्ज लुगरने १९०२ साली ९ एमएमचं काडतूस आणलं. आपल्या सैन्यातलं ९ एमएम पिस्तूल ब्राउनिंगच्या नमुन्यावर इछापूरला बनतं. मॅगझिनमध्ये १३ काडतुसं. इथे गोळी शिपाई भरत नाही, स्प्रिंग आणि स्लाइड भरतात. माणसाचा हात गोळी जड जातेय हे ओळखतो आणि सावरून घेतो. यंत्र सावरत नाही. गोळीचा व्यास, टोकाचा आकार, काडतुसाची लांबी, यातलं काहीही किंचित चुकलं की स्टॉपेज. दीड मिलिमीटरची फट मिलिमीटरच्या शतांशावर आली, ती यामुळे. शिशावर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच आलं, चुलीवरचा साचा गेला, आणि गोळी कायमची कारखान्यात गेली. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून असंच काम करतोय.

एका फायरिंगच्या दिवशी एका तरुण जवानाचं पिस्तूल दोनदा अडकलं. तो चिडून म्हणाला, “साहेब, हथियार खराब है.” आमच्या मुरलेल्या हवालदाराने मॅगझिन रिकामं केलं, एकेक काडतूस बोटांत फिरवून पाहिलं आणि एक बाजूला ठेवलं. बाकीची सगळी सुरळीत गेली. हत्यार ठीक होतं. एका काडतुसाचं माप चुकलं होतं. रेंजवर याची किंमत दोन मिनिटं. सीमेवर ती एक जीव असते.

मोठ्या तोफेसमोर फोटो काढायला गर्दी होते. काढा, मीही काढला आहे. पण पुढच्या वेळी जयगडावर गेलात, तर जयवाण बघून झाल्यावर थोडा वेळ त्या कारखान्यात थांबा. सैन्याची ताकद सगळ्यात मोठ्या तोफेवर नाही, सगळ्यात छोट्या गोळीच्या मापावर मोजावी, हे तिथे उभं राहिल्यावर लक्षात येतं.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद!