जुन्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये दुसरं इंजिन बसवायचंय? मग आधी हे वाचा

जुनी अ‍ॅम्बॅसडर रस्त्यावर दिसली की आजही माना वळतात. पण घाटात मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागला की मालकाच्या डोक्यात विचार येतो, इंजिनच बदलून टाकू. खुद्द हिंदुस्तान मोटर्सनेही तेच केलं होतं. मूळचं १४८९ सीसीचं ब्रिटिश घडणीचं इंजिन बाजूला ठेवून कंपनीने १९९०च्या दशकात अ‍ॅम्बॅसडरमध्ये इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स दिला.

मात्र कंपनीत होणारं काम आणि गॅरेजमध्ये होणारं काम यात फरक आहे. चेनपुलीने इंजिन आत सोडायला एक दिवस पुरतो. खरं काम असतं ते त्याच्या आजूबाजूचं.

बसवण्याआधीची दुरुस्ती

इंजिन बाहेर असतानाच क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग, मागचं ऑइल सील आणि वॉटर पंप बदलून घेतात. वस्तू स्वस्त असतात, पण नंतर क्लचप्लेट किंवा मागचं सील गेलं तर पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हेड वाकलंय का, हे सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून पाहतात. वाकलेल्या हेडवर नवं गॅसकेट टिकत नाही.

फाउंडेशन आणि शाफ्ट

इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच सेटचे असले तर क्लच आणि बेल हाउसिंगचा मेळ बसतो. फाउंडेशनचे ब्रॅकेट आधी फक्त टाके मारून धरतात. चेंबर, स्टिअरिंगचे रॉड, रेडिएटरचा फॅन आणि बॉनेट कुठे घासत नाही ना, हे पाहूनच पक्कं वेल्डिंग होतं.

गिअरबॉक्सची लांबी बदलली की प्रॉपेलर शाफ्टही बदलतो. तो लेथवर कापून, जोडून, बॅलन्स करून घ्यावा लागतो. नाहीतर वेग वाढला की अख्खी गाडी थरथरते आणि शाफ्टचे क्रॉस लवकर जातात.

एक वायर विसरली तर?

फाउंडेशनमध्ये रबर असतं, त्यामुळे इंजिन बॉडीपासून विजेच्या दृष्टीने वेगळं पडतं. दोघांना जोडणारी जाड अर्थिंगची पट्टी राहून गेली, तर सेल्फ मारताना करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळू शकते.

जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. डायनॅमो काढून आल्टरनेटर लावताना हे तपासलं नाही, तर त्यातले डायोड उडतात.

ब्रेक विसरू नका

ताकद वाढली, पण थांबवणारे जुने ड्रम ब्रेक तेच राहिले, तर गाडी आधीपेक्षा धोकादायक होते. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, ब्रेकचे पाइप आणि लायनर यांचं काम इंजिनासोबतच करावं. मोठं इंजिन जास्त तापतं, म्हणून रेडिएटरचीही क्षमता तपासावी लागते.

कागदपत्रांचं काय?

इंजिन नंबर, सीसी आणि इंधन यांची नोंद आरसीवर असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. त्यामुळे इंजिन बदलण्याआधी आरटीओची मंजुरी घ्यावी आणि नंतर आरसीवर नोंद करून घ्यावी. विमा कंपनीलाही कळवावं, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते, पण गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही.

म्हणून जाणकार मेकॅनिक बॉडी न कापता, शक्य तितकं नटबोल्टवर काम करतात आणि जुनं इंजिन भंगारात देऊ नका असं सांगतात. ते तेल लावून, झाकून कोपऱ्यात ठेवलं, तर गाडी पुन्हा मूळ रूपात आणण्याची वाट उघडी राहते.