कच्ची वीट : दख्खनच्या मातीचा विस्मृत वारसा

घराचा विचार भिंतीवाचून होत नाही आणि भिंतीचा विचार मातीवाचून होत नाही. भट्टीत भाजलेली लाल वीट आज सर्वत्र दिसते. परंतु तिच्या कितीतरी आधी माणसाने उन्हात वाळविलेली वीट घडविली. कच्ची वीट म्हणजे दारिद्र्याची खूण, असा समज आपल्याकडे रूढ आहे. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद हे प्राचीन स्थळ आहे. १९५८ साली बोपर्डीकर यांनी ते उजेडात आणले. पुढील उत्खननांत तेथे उत्तर हडप्पाकालीन वस्तीतील कच्च्या विटांनी बांधलेले दफन सापडले. विटांची लांबी, रुंदी व जाडी यांचे प्रमाण ४:२:१ होते. सिंधू संस्कृतीच्या नगरांतही हेच प्रमाण आढळते. दोन विटा शेजारी आडव्या ठेवल्या की एका उभ्या विटेची लांबी भरते. म्हणून सांधे चुकवून भिंत एकजीव बांधता येते. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी दख्खनमध्ये हे माप ठाऊक होते. मापाचे महत्त्व आम्हां कापड व्यापाऱ्यांना निराळे सांगावे लागत नाही.

ही वीट घरोघरी पाडता येत असे. कपाशीची काळी जमीन पिकाला उत्तम, पण विटेला निरुपयोगी. कारण ती ओलाव्याने फुगते व वाळताना भेगाळते. म्हणून पांढरी किंवा मुरमाड माती निवडीत. ती भिजवून पायांनी तुडवीत आणि तीत भुसा, शेण मिसळीत. भुशाच्या काड्यांमुळे आकुंचनाचा ताण विभागला जाऊन मोठी भेग पडत नाही. चिखल लाकडी साच्यात दाबून भरीत. विटा सावकाश वाळवीत व मधूनमधून पालटीत. ना कोळसा, ना भट्टी.

या विटेचा शत्रू एकच, पाणी. यासाठी खाली दगडी जोते, वर पुढे आलेले छप्पर आणि भिंतीला वेळोवेळी शेणामातीचे लिंपण, अशी व्यवस्था पूर्वजांनी केली.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि मातीच्या घरांवरील विश्वासही ढळला. तेथे प्रामुख्याने कोसळल्या त्या मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती व त्यांवरील जड माळवदे. खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा, म्हणजे खण, असलेल्या अनेक घरांचे छप्पर टिकले. कच्ची वीटही भूकंपापुढे दुर्बळच. तिलाही सांगाड्याचा आधार हवा. दोष केवळ मातीला देणे मात्र न्याय्य नव्हे.

आज आपल्या जुन्या पेठांतील मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढविला जातो. हेतू चांगला असतो. परंतु भिंतीतील ओल बाहेर पडू शकत नाही आणि बुडाची माती आतून खचते. अशा भिंतीला माती व चुन्याचेच लिंपण द्यावे. वाडा पाडणे अटळच असेल, तर आधी त्याची मापे व छायाचित्रे घ्यावीत, एखादी वीट जपून ठेवावी आणि घरातील वृद्धांकडून ती कशी पाडली हे लिहून घ्यावे. वीट मातीत मिसळली तर पुन्हा घडविता येते. तिचे ज्ञान एकदा विसरले गेले तर ते परत मिळणे कठीण आहे.